घर आपले, जिना सर्वांचा

माण तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. तिथे शाळेच्या ओट्यावर रोज संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरतो. गुरुजी शिकवतात. दहा-बारा मंडळी पाटी-पेन्सिल घेऊन बसतात. त्यांत एक आक्का आहेत. सारा गाव त्यांना आक्काच म्हणतो.

आक्कांचे यजमान वाशीच्या बाजारात माथाडी काम करीत. पाठीवर पोती वाहून वाहून त्यांनी पैसा साठवला आणि नवी मुंबईत एका इमारतीत पहिल्या मजल्यावर लहानसे घर घेतले. पुढे ते वारले. आक्का गावी परतल्या आणि घर भाड्याने दिले. महिन्याला ७,००० रुपये भाडे येते. त्यावर आक्कांचा संसार चालतो.

पण सगळे ७,००० हाती लागत नाहीत. इमारतीच्या सोसायटीचे बिल दर महिन्याला येते. ते पुतण्याच्या मोबाईलवर येते आणि पुतण्याच पैसे पाठवतो. आक्का विचारीत, "कसले रे हे पैसे?" तो म्हणे, "मेंटेनन्सचे, काकू." आक्का गप्प बसत. अक्षर येत नव्हते, तर विचारणार तरी काय?

आता अक्षर येऊ लागले. आषाढात एके दिवशी आक्कांनी पुतण्याकडून बिलाचा कागद छापून आणवला आणि वर्गात गुरुजींपुढे ठेवला.

"गुरुजी, धडा रोजचाच आहे. आज हा कागद वाचू या. माझं अर्धं भाडं ह्यात जातंय."

गुरुजी हसले. म्हणाले, "यासाठीच तर वाचायला शिकायचं. वाचा आक्का, तुम्हीच वाचा."

आक्कांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

सेवा शुल्क: १,००० रुपये
लिफ्ट: १५० रुपये
पाणी: २०० रुपये
महापालिकेचा कर: १५० रुपये
दुरुस्ती निधी: ६०० रुपये
सिंकिंग फंड: २०० रुपये
बिनभोगवटा शुल्क: १,००० रुपये
एकूण: ३,३०० रुपये

"सात हजारांतून तीन हजार तीनशे गेले," आक्का म्हणाल्या. "राहिले तीन हजार सातशे. लूट आहे ही!"

गुरुजी म्हणाले, "लूट आहे की नाही, ते आधी बघू. ओळीमागून ओळ घेऊ. कुठली रास्त, कुठली नाही, ते तुम्हीच सांगा."

सोसायटी म्हणजे काय?

कोपऱ्यात तात्या बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, सोसायटी म्हणजे आपली पीककर्ज देणारीच ना? तिचा न् घराचा काय संबंध?"

तात्यांचा प्रश्न बरोबर होता. गावात सोसायटी म्हटले की पीककर्जाची सोसायटीच डोळ्यांपुढे येते. शहरात सोसायटी म्हटले की घरांची सोसायटी. तिला सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणतात. दोन्ही एकाच घरच्या बहिणी. दोघींना एकच कायदा लागू आहे. तो म्हणजे १९६० सालचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम.

घरांची सोसायटी ही काही कालपरवाची गोष्ट नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवी भागात सारस्वत मंडळींनी अशी संस्था काढली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे मुख्य गृहस्थ. एकेकट्याला मुंबईत घर झेपत नव्हते, म्हणून दहा जणांनी एकत्र यावे, हा त्यामागचा विचार.

एका इमारतीत ४० घरे असतात. आपल्या दाराच्या आतले घर आपले. पण जिना कोणाचा? गच्ची कोणाची? पाण्याची टाकी, गटार, आवार, रखवालदार, हे कोणाचे? ते सर्वांचे. जे सर्वांचे, त्याचा खर्चही सर्वांचा. तो कोणी करायचा आणि कोणाकडून किती घ्यायचे, हे ठरवण्यासाठी सोसायटी असते. घरमालक तिचे सभासद असतात. दर सभासदाला एक मत. घर मोठे म्हणून मत मोठे होत नाही. सभासद मते देऊन समिती निवडतात. समितीत चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार असतात. पण सर्वांत मोठी असते सर्वसाधारण सभा. म्हणजे सगळ्या सभासदांची बैठक. जशी गावात ग्रामसभा, तशी तिथे ही सभा.

घरटी वाटणी

गुरुजींनी विचारले, "तात्या, जत्रेची वर्गणी आपण कशी काढतो?"

"घरटी. दर घराला सारखी."

"आणि पाणीपट्टी?"

"ज्याच्या घरी नळ, त्याला पट्टी. नळ नाही, तर पट्टी नाही."

"आणि घरपट्टी?"

"ती ज्याच्या त्याच्या घरावर. माडीला जास्त, छपराला कमी."

"बस! सोसायटीचं बिलही असंच आहे. सगळ्याला एकच माप लावत नाहीत. ज्या खर्चाचा जसा गुण, तशी त्याची वाटणी."

आता पहिली ओळ घ्या. सेवा शुल्क. आक्कांच्या इमारतीत महिन्याला रखवालदारांच्या पगाराचे २८,००० रुपये होतात. झाडलोट करणाऱ्याचे ७,०००. जिन्यातल्या दिव्यांचे २,०००. हिशेब लिहिणे, तपासणे, कागदपत्रे यांचे ३,०००. बेरीज झाली ४०,०००. घरे ४०. म्हणून घरटी १,००० रुपये.

आक्का म्हणाल्या, "पण गुरुजी, त्या इमारतीत दहा घरं मोठी आहेत. त्यांनाही हजार आणि मलाही हजार?"

"हो. रखवालदार मोठ्या घराची राखण जास्त आणि लहान घराची कमी करतो का? चोर अडवला तर तो सर्वांसाठीच अडवतो. म्हणून सेवा शुल्क सर्वांना सारखं."

दुसरी ओळ लिफ्टची. लिफ्ट म्हणजे माणसे वर-खाली नेणारा विजेवरचा पाळणा. तिची वीज आणि देखभाल मिळून महिन्याला ६,००० रुपये लागतात. ४० घरांत वाटले की घरटी १५०.

"माझं घर पहिल्या मजल्यावर," आक्का म्हणाल्या. "माझा भाडेकरू जिन्यानं जातो. मग मी लिफ्टचे पैसे का द्यायचे?"

गुरुजी म्हणाले, "आक्का, इथे मात्र तुमचं चुकतं. नियम असा आहे की ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथल्या सर्वांनी तिचा खर्च सारखा द्यायचा. कोण वापरतो, कोण वापरत नाही, हे बघत नाहीत. रोज कोण किती वेळा चढला, हे मोजत बसलं तर भांडणं संपायची नाहीत."

आक्कांनी मान हलवली. ती ओळ रास्त ठरली.

तिसरी ओळ पाण्याची. पाण्याचा आकार घरात आलेल्या नळांवर असतो. लहान ३० घरांत दोन-दोन नळ. मोठ्या १० घरांत तीन-तीन. एकूण ९० नळ. पाण्याचे बिल ९,००० रुपये. म्हणजे नळाला १०० रुपये. आक्कांचे दोन नळ, म्हणून २०० रुपये.

चौथी ओळ कराची. महापालिका ज्या घरावर जितका कर बसवते, तितका त्या घराकडून घ्यायचा. सोसायटी तो गोळा करून महापालिकेला भरते. स्वतःजवळ ठेवीत नाही.

बांधकामाच्या खर्चावरची वाटणी

पाचवी आणि सहावी ओळ वाचताना आक्का अडखळल्या. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड.

गुरुजींनी फळ्यावर लिहिले: ९,६०,००० रुपये.

"हा तुमच्या घराच्या बांधकामाचा खर्च. जमिनीची किंमत यात नाही. नुसत्या विटा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी. दुरुस्ती निधी या खर्चावर काढतात. सभा त्याचा दर ठरवते. पण तो वर्षाला पाऊण टक्क्यापेक्षा कमी ठेवायचा नाही, असं आदर्श उपविधी सांगतात."

उपविधी म्हणजे सोसायटीने आपला कारभार चालवण्यासाठी केलेले नियम. शासनाच्या सहकार खात्याने नमुन्यादाखल असे नियम तयार केले आहेत. त्यांना आदर्श उपविधी म्हणतात. बहुतेक सोसायट्या तेच स्वीकारतात.

पाऊण टक्का म्हणजे काय? शंभर रुपयांना पाऊण रुपया, म्हणजे ७५ पैसे. ९,६०,००० चे पाऊण टक्क्याने झाले ७,२०० रुपये. हे वर्षाचे. १२ महिन्यांत वाटले की महिन्याला ६००. बिलात ६०० च आहेत. आकडा जुळला.

सिंकिंग फंडाचा दर निदान पाव टक्का. शंभराला २५ पैसे. वर्षाचे २,४०० आणि महिन्याचे २००. तोही जुळला.

मोठ्या घरांचा बांधकाम खर्च १४,४०,००० रुपये आहे. त्यांना दुरुस्ती निधी महिन्याला ९०० आणि सिंकिंग फंड ३०० पडतो. इथे मात्र मोठ्याला जास्त आणि लहानाला कमी. कारण ज्याच्या वाट्याला विटा-सिमेंट जास्त, त्याच्या वाट्याला डागडुजीही जास्त.

तात्यांनी विचारले, "दोन दोन फंड कशापायी? एकानं भागत न्हाई का?"

गुरुजी म्हणाले, "तात्या, तुम्ही दरसाल घर शाकारता. कौलं फिरवता. त्याला थोडा पैसा लागतो. तो दुरुस्ती निधी. पण तीस-चाळीस वर्षांनी वासेच बदलायचे झाले तर? तो पैसा एका वर्षात उभा राहतो का? त्यासाठी आधीपासून आडगंगाजळी टाकावी लागते. तो सिंकिंग फंड. इमारत फार जुनी झाली, नव्याने बांधायची झाली किंवा मोठी दुरुस्ती निघाली, तरच त्याला हात लावायचा. तोसुद्धा सभेचा ठराव आणि सहकार खात्याची परवानगी घेऊन."

आक्का थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पैसे माझ्याच घराच्या म्हातारपणासाठी ठेवलेत."

"अगदी बरोबर."

भाड्याच्या घराचे शुल्क

आता राहिली शेवटची ओळ. बिनभोगवटा शुल्क १,००० रुपये.

नाव मोठे आहे. अर्थ सोपा आहे. भोगवटा म्हणजे घरात स्वतः राहणे, घर स्वतः वापरणे. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो, तेव्हा सोसायटी हे जादा शुल्क घेऊ शकते. ते का घ्यायचे? भाडेकरू बदलतो. त्याची नोंद ठेवावी लागते. सामान वर-खाली होते. मालक दूर असतो, त्याला पत्रे धाडावी लागतात. शिवाय मालकाला घरापासून उत्पन्न होते. म्हणून थोडे जादा घेणे गैर नाही.

पण थोडे म्हणजे किती? पूर्वी यावर मोठी भांडणे होत. काही सोसायट्या मन मानेल तसे शुल्क लावीत. कोणी चौरस फुटावर लावी, कोणी भाड्याच्या हिश्शावर लावी. तेव्हा १ ऑगस्ट २००१ रोजी महाराष्ट्र शासनाने एक आदेश काढला. त्यात म्हटले की बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. महापालिकेचा कर त्या हिशेबात धरायचा नाही. या आदेशाविरुद्ध प्रकरण कोर्टात गेले. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

गुरुजींनी विचारले, "आक्का, तुमचं सेवा शुल्क किती?"

"एक हजार."

"त्याचे दहा टक्के?"

आक्कांनी पाटीवर मांडले. दोनदा खोडले. तिसऱ्यांदा आकडा आला.

"शंभर! गुरुजी, शंभर होतात. आणि ते हजार घेतात!"

ओट्यावर सगळे गप्प झाले. आक्कांनी पुन्हा मांडले. महिन्याला ९०० रुपये जास्त. वर्षाला १०,८००. भाडेकरू येऊन एक वर्ष झाले होते. बिल ३,३०० चे नव्हे, २,४०० चे यायला हवे होते.

आक्कांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "ह्या पैशात नातीची वर्षाची फी झाली असती. आता एक पैसा भरायची नाही मी."

"असं करू नका," गुरुजी म्हणाले. "बिल थांबवलं की तुम्ही थकबाकीदार. सोसायटी त्यावर व्याज लावू शकते. २०१४ च्या आदर्श उपविधींत तर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज घेण्याची मुभा होती. पुढे वसुलीचा दाखला आणता येतो. मग खरं तुमचं आणि अडचणही तुमचीच. पैसे भरा. पण सोबत लेखी हरकत द्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं फायलीत राहतं."

आणखी एक गोष्ट गुरुजींनी सांगितली. घरात मालकाचे जवळचे कुटुंबीय राहत असतील, म्हणजे मुलगा, लग्न झालेली लेक किंवा नातवंडे, तर हे शुल्क लागतच नाही. शिवाय मालक वारल्यावर घर वारसाच्या नावे होते, तेव्हा हस्तांतरण अधिमूल्य घेता येत नाही. ते घर परक्याला विकताना असते. त्यालाही हद्द आहे. महापालिकेच्या हद्दीत २५,००० रुपयांच्या वर नाही. हे ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने ठरले.

आणि भाडेकरू ठेवताना मालकानेही आपली बाजू चोख ठेवावी. करार लेखी करावा आणि नोंदवावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. सोसायटीला आधी लेखी कळवून कराराची नक्कल द्यावी. आपले कागद पक्के असले की बोलायला बळ येते.

आक्कांचे पत्र

त्या रात्री आक्कांनी पत्र लिहिले. आयुष्यातले पहिले पत्र. गुरुजींनी काना-मात्रा तेवढी सुधारली. पत्र असे होते:

"मा. सेक्रेटरी यांस, नमस्कार. मी पहिल्या मजल्यावरील घराची मालक आहे. आपल्या बिलात बिनभोगवटा शुल्क १,००० रुपये लावले आहे. सेवा शुल्क १,००० रुपये आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे १० टक्के, म्हणजे १०० रुपये घेता येतात. जास्त घेतलेले पैसे पुढील बिलांतून वळते करावेत. तोवर मी बिल भरीत आहे, पण माझी हरकत आहे. हा विषय सभेपुढे ठेवावा. आपली, सभासद."

पत्राच्या दोन प्रती केल्या. एक रजिस्टर पोस्टाने धाडली. दुसरी जपून ठेवली.

तोडफोड करायची तर

पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात लिहिले होते की विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे ठेवू. खाली आणखी एक मजकूर होता. "आपल्या मोरीतून खालच्या घरात पाणी गळते. दुरुस्ती करून घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी ५,००० रुपये अनामत भरावी."

आक्का पुन्हा चिडल्या. "एक शुल्क कमी करा म्हटलं, तर हे दुसरं लावलं! आणि दुरुस्ती निधी मी भरते ना? मग मोरी त्यांनी दुरुस्त करावी."

गुरुजींनी समजावले. गच्ची गळली, पावसाचे पाणी भिंतीतून आले किंवा बाहेरचा सामाईक नळ फुटला, तर ते काम सोसायटीचे. त्यासाठी दुरुस्ती निधी. पण घराच्या आतली मोरी गळली, तर ते काम मालकाचे. विहीर सामाईक असली तरी आपल्या रानातला पाट आपणच लिंपतो, तसेच हे.

घरात तोडफोड किंवा बांधकाम करायचे तर समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. यात कमीपणा नाही. इमारत चाळीस घरांची, पण खांब आणि तुळया एकच. एकाने आपल्या घरात जागा वाढावी म्हणून खांबाला छिन्नी लावली, तर वरच्या चार घरांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून खांब, तुळई, भार पेलणारी भिंत यांना हात लावायचा नाही.

आणि अनामत म्हणजे शुल्क नव्हे. शुल्क गेले की गेले. अनामत परत मिळते. काम चालते तेव्हा वाळूची पोती जिन्यातून जातात. फुटक्या फरशांचा राडारोडा निघतो. मिस्त्री तो तिथेच टाकून गेला तर उचलायचा कोणी? जिन्याची फरशी फुटली तर बसवायची कोणी? तेवढ्यासाठी ही रक्कम ठेवून घेतात. ती किती घ्यायची हे सभेने आधी ठरवलेले असावे. ती सर्वांना सारखी असावी. तिची पावती घ्यावी. आणि काम नीट संपल्यावर ती मागून घ्यावी.

आक्का म्हणाल्या, "म्हणजे विहिरीवरचा दोर नेताना घागर ठेवून जावी, तसं."

"तसंच!"

सभेचा दिवस

वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी यावी लागते. ती आली. मार्चअखेर वर्ष संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावीच लागते. आक्का एसटीने गेल्या. सोबत पुतण्या होता. पण सभासद आक्का होत्या. बोलायचे त्यांनाच होते.

सेक्रेटरी वयस्क गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, हजार रुपये माझ्या मनानं नाही लावले. सभेनं ठराव केलाय. इथं बारा घरं भाड्यानं आहेत. इमारतीला रंग द्यायचा आहे. हा जादा पैसा आम्ही रंगासाठी बँकेत ठेवला. हे पासबुक. एक रुपया कोणी खाल्ला नाही."

आक्कांनी पासबुक पाहिले. पैसे खरोखर तिथे होते. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "दादा, तुम्ही खाल्ले असं मी म्हणत नाही. पण रंग चाळीस घरांना लागणार. मग बारा घरांनीच का द्यायचा?"

एक गृहस्थ उठले. म्हणाले, "भाडेकरू जिना घाण करतात. सभेचा ठराव आहे. तुम्ही मालक गावी बसून भाडं खाता, मग द्यायला काय झालं?"

आक्कांचा आवाज कापत होता. पण त्या थांबल्या नाहीत. "मी भाडं खाते ते खरं. माझ्या मालकांनी पाठीवर पोती वाहून हे घर घेतलं. जिना घाण होत असेल तर भाडेकरूला मी सांगते. शंभर रुपये मी देते, तेही रास्त आहेत. पण आमच्या गावी ग्रामसभाही कायद्याबाहेर ठराव करू शकत नाही. मग इथली सभा कशी करते?"

हाच मुद्दा होता. सर्वांत वर कायदा. त्याखाली त्या कायद्याप्रमाणे काढलेला शासनाचा आदेश. त्याखाली सोसायटीचे उपविधी. आणि त्याखाली सभेचा ठराव. खालच्याने वरच्याला ओलांडायचे नाही. ठराव एकमताने झाला तरी नाही.

चेअरमनांनी आदेशाची प्रत वाचून दाखवली. थोडी कुरकुर झाली. मग मते घेतली. ठरले असे, की यापुढे बिनभोगवटा शुल्क १०० रुपये. ज्या बारा घरांकडून जास्त घेतले, त्यांचे पैसे पुढच्या बिलांतून वळते करायचे. रंगाचे काम एक वर्ष पुढे ढकलायचे आणि त्याचा खर्च दुरुस्ती निधीतून सर्वांनी मिळून सोसायचा.

आक्कांचे तोवर १४ महिने झाले होते. महिन्याला ९०० प्रमाणे १२,६०० रुपये. नवे बिल २,४०० रुपयांचे. म्हणून पाच महिने काहीच भरायचे नाही आणि सहाव्या महिन्यात १,८०० भरायचे.

सभेने ऐकले नसते तर? तर आक्कांना सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता आली असती. तिथेही भागले नसते तर सहकार न्यायालय आहे. पण घरच्या गोष्टी घरी मिटल्या तर बऱ्या. रोज एकाच जिन्याने चढायचे-उतरायचे असते.

दिवाळीआधी आक्कांनी मोरी दुरुस्त करून घेतली. खालच्या घरची गळती थांबली. मिस्त्रीने दोन पोती राडारोडा जिन्यात तसाच सोडला. तो उचलायला ३०० रुपये लागले. सोसायटीने तेवढे कापून ४,७०० रुपये परत दिले. सोबत ३०० ची पावती होती. आक्का वर्गात म्हणाल्या, "हे तीनशे मात्र माझेच चुकले. मिस्त्रीला आधी बजावायला हवं होतं."

आता बिल पुतण्या वाचत नाही. आक्का वाचतात. आणि तात्या? त्यांनी आपल्या पीककर्जाचे खातेपुस्तक वर्गात आणले आहे. उद्याचा धडा तो.

ध्यानात ठेवा

१. बिलाची प्रत्येक ओळ वाचावी. कशाची वाटणी कशी, ते विचारावे.

२. रखवाली, झाडलोट, लिफ्ट यांचा खर्च घरटी सारखा. पाणी नळावर. कर ज्याच्या त्याच्या घरावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चावर.

३. घर भाड्याने दिले तर बिनभोगवटा शुल्क लागते. पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

४. घरात बांधकाम करण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. अनामतीची पावती जपावी.

५. हरकत असली तरी बिल थकवू नये. पैसे भरावे आणि हरकत लिहून द्यावी.

६. सभेला जावे. जो सभेला जात नाही, त्याच्या पैशाचा ठराव दुसरे करतात.

सांगा पाहू

एका इमारतीत २५ घरे आहेत. रखवाली आणि झाडलोट मिळून महिन्याला २०,००० रुपये खर्च होतो. घरटी सेवा शुल्क किती होईल? घर भाड्याने दिले तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त किती घेता येईल?